चाव्याचा जोर, जबड्याची ठेवण आणि चेहऱ्याचा आकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेहरा पाहून चाव्याचा जोर ओळखता येतो का?

गटाच्या पातळीवर काही अंशी ओळखता येतो, एकेका माणसाच्या बाबतीत मात्र नाही. रुंद, आखूड चेहरा आणि चौकोनी जबडा असलेल्या माणसांचा सरासरी चावा लांबट, अरुंद चेहऱ्याच्या माणसांपेक्षा जोरकस भरतो, हे गेल्या कित्येक दशकांच्या मोजमापांतून पुन्हापुन्हा दिसून आले आहे. तरीही दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की समोर बसलेल्या व्यक्तीचा जबडा चौकोनी आहे एवढ्यावरून तिच्या चाव्याबद्दल खात्रीने काही सांगणे धाडसाचे ठरेल. वय, लिंग, दातांची संख्या, दाढांची एकमेकींवर बसण्याची पद्धत आणि जबड्याच्या सांध्यात दुखणे आहे की नाही, या प्रत्येक गोष्टीचा चाव्यावर परिणाम होतो, आणि यांतले बहुतेक काही चेहऱ्यावर दिसत नाही.

‘लांब चेहरा’ आणि ‘आखूड चेहरा’ म्हणजे नेमके काय?

येथे हे शब्द सौंदर्याच्या अर्थाने नव्हे, तर मापाच्या अर्थाने वापरलेले आहेत. नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या टोकापर्यंतची उंची, गालांच्या हाडांमधील रुंदीच्या तुलनेत किती टक्के भरते, हे एक जुने माप आहे. हे प्रमाण साधारण ८५ ते ९० असेल तर चेहरा मध्यम, त्याहून कमी असेल तर रुंद आणि जास्त असेल तर लांबट मानला जातो. मानववंशशास्त्रासाठी एवढे पुरेसे असले तरी दंतोपचारात ते फारसे कामाचे नाही, कारण तिथे प्रश्न चेहऱ्याच्या खालच्या तिसऱ्या भागाचा असतो.

म्हणून ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेड्यावाकड्या दातांवर आणि जबड्यांच्या ठेवणीवर उपचार करणारे तज्ज्ञ, डोक्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे पाहतात. त्यात खालच्या जबड्याची खालची कड आडव्या रेषेशी किती उतार करते हे मोजले जाते. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचे छिद्र यांना जोडणाऱ्या रेषेशी हा उतार साधारण २५ अंशांचा असतो. तो बराच वाढलेला असेल तर हनुवटी खाली आणि मागे गेलेली दिसते, ओठ सहज मिटत नाहीत, हसताना हिरड्या जास्त दिसतात आणि काहींच्या बाबतीत दाढा टेकल्या तरी पुढचे दात उघडेच राहतात. उतार फारच कमी असेल तर चित्र उलट असते: जबड्याची कड जवळजवळ आडवी, कोपरा ठसठशीत, चेहऱ्याचा खालचा भाग आखूड, आणि पुष्कळदा वरच्या दातांनी खालचे दात जवळजवळ झाकून टाकलेले. कानाखाली, जिथे जबड्याची उभी शाखा आडव्या भागाला मिळते, तिथला कोनही पाहिला जातो. प्रौढांत तो बहुधा १२० ते १३० अंशांच्या दरम्यान असतो, तर तान्ह्या बाळात बराच अधिक उघडलेला असतो.

चावताना कोणते स्नायू काम करतात?

दाढा घट्ट आवळून गालाच्या मागच्या भागावर, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर बोटे ठेवल्यास एक जाड, टणक पट्टा फुगलेला जाणवतो, हा मॅसेटर. त्याच वेळी दुसऱ्या हाताची बोटे कानशिलावर ठेवली तर तिथे पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस हलताना कळतो. तिसरा, मीडियल टेरिगॉइड, जबड्याच्या आतल्या बाजूला असल्याने बाहेरून हाताला लागत नाही. तो आणि मॅसेटर मिळून जबड्याच्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी झोळीसारखे धरतात. चौथा, लॅटरल टेरिगॉइड, मुख्यतः जबडा पुढे सरकवण्यासाठी आणि तोंड उघडण्यासाठी उपयोगी पडतो. या चौघांनाही ट्रायजेमिनल या एकाच मज्जातंतूच्या खालच्या शाखेतून आज्ञा मिळते.

हाताला लागलेला हा मॅसेटर किती जाड आहे, हे आता सोनोग्राफीने सहज मोजता येते. मॅसेटर जाड असलेल्यांचा चेहरा सहसा रुंद असतो आणि पातळ असलेल्यांचा लांबट असतो, हा संबंध अशा मोजमापांतून दिसला असून तो स्त्रियांमध्ये विशेष ठळक आहे.

पुढच्या दातांपेक्षा दाढांवर जोर जास्त का येतो?

जबडा ही एक तरफ आहे. तिचा टेकू कानापुढच्या सांध्यात आहे, स्नायूंची ओढ सांध्याच्या थोडी पुढे लागते आणि घास त्याहूनही पुढे असतो. घास जितका सांध्याजवळ, तितका स्नायूंच्या ओढीचा मोठा वाटा त्याच्यावर उतरतो. जाड पुठ्ठा कात्रीच्या टोकाशी न कापता सांध्याजवळ धरून कापावा लागतो, त्यामागे हेच कारण आहे. म्हणून पुढच्या दातांचा कमाल जोर दाढांच्या साधारण एकतृतीयांश ते एकचतुर्थांश भरतो.

यातच चेहऱ्याच्या आकाराचा पहिला धागा सापडतो. जबड्याची उभी शाखा उंच आणि कोपरा काटकोनाकडे झुकणारा असेल तर मॅसेटरची ओढ सांध्यापासून अधिक अंतरावरून आणि दातांच्या पातळीला जवळजवळ काटकोनात लागते. लांब चेहऱ्यात कोन उघडलेला आणि शाखा आखूड असल्याने तीच ओढ तिरपी पडते आणि तिचा काही भाग वाया जातो. मात्र केवळ भूमितीवर सगळा हिशोब जुळत नाही. एमआरआयने स्नायूंचे छेद मोजले तेव्हा लांब चेहऱ्याच्या प्रौढांत हे स्नायू मुळातच बारीक आढळले. म्हणजे तरफही थोडी प्रतिकूल आणि तिला ओढणारा स्नायूही किरकोळ, अशी ही दुहेरी अडचण आहे, आणि त्यांपैकी स्नायूचा वाटा मोठा आहे असे मानायला जागा आहे.

हा जोर मोजतात कसा आणि तो असतो किती?

इटालियन शास्त्रज्ञ जिओव्हानी बोरेली यांनी सतराव्या शतकात दाढांवरून दोरी घेऊन तिला वजने टांगली आणि जबडा ती उचलतो का हे पाहिले. आज दातांमध्ये काही मिलिमीटर जाडीची, दाब नोंदवणारी पट्टी ठेवतात आणि जोर न्यूटनमध्ये वाचतात. निरोगी, पूर्ण दात असलेल्या प्रौढांत पहिल्या दाढेवरचा कमाल जोर बहुधा ३०० ते ७०० न्यूटनच्या दरम्यान असतो. ५०० न्यूटन म्हणजे सुमारे ५० किलोचे वजन. पुरुषांचा आकडा सरासरीने स्त्रियांपेक्षा जास्त असतो आणि ही तफावत मुख्यतः वयात येताना पडते.

असे आकडे वाचताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले म्हणजे जोर तोंड किती उघडले आहे यावर अवलंबून असतो. पुढच्या दातांमध्ये १५ ते २० मिलिमीटर अंतर असताना स्नायू सर्वांत प्रभावीपणे ओढतात, त्यामुळे जाड पट्टीचे आकडे पातळ पट्टीच्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे आहे. माणूस आपला खरा कमाल जोर क्वचितच लावतो. दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंत दाब ओळखणाऱ्या संवेदना असतात आणि दुखेल असे वाटताच मेंदू हात आखडता घेतो. त्यामुळे पट्टीवर उमटलेला आकडा स्नायूंचा असतो तितकाच धाडसाचाही असतो. रोजचा घास चावताना यातला लहानसा हिस्साच वापरला जातो.

स्नायू दुबळे म्हणून चेहरा लांब होतो, की चेहरा लांब म्हणून स्नायू दुबळे राहतात?

या विषयातला खरा प्रश्न हाच आहे, आणि इंटरनेटवरच्या बहुतेक दाव्यांत तो वगळूनच पुढे जातात.

स्नायू हाडाला आकार देतो याबद्दल शंका नाही. शेरवूड वॉशबर्न यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नवजात उंदरांचा टेम्पोरॅलिस काढून टाकला. ते उंदीर मोठे झाले तेव्हा हा स्नायू जिथे चिकटतो ते जबड्यावरचे शिंगासारखे टोक तयारच झालेले नव्हते. जबड्याचा बाकीचा भाग मात्र बऱ्यापैकी नेहमीसारखा होता. या निकालाच्या दोन्ही बाजू ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत: स्नायूची जागा पूर्णपणे स्नायूवर अवलंबून होती, पण संपूर्ण जबडा नव्हता. माणसांत याला जुळणारा पुरावा स्नायूंच्या आजारांतून मिळतो. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीसारखा स्नायू क्षीण करणारा आजार लहान वयात सुरू झाला तर जबडा खाली लोंबतो, चेहरा लांबत जातो, वरच्या दातांची कमान अरुंद होते आणि पुढचे दात उघडे राहू लागतात.

एवढे वाचून कोणीही म्हणेल की दुबळा स्नायू हे कारण आणि लांब चेहरा हा परिणाम. परंतु १९८३ मध्ये विल्यम प्रॉफिट आणि हेन्री फील्ड्स यांच्या मोजमापांनी हे सरळ समीकरण अडवले. लांब चेहऱ्याच्या प्रौढांचा चावा सामान्य चेहऱ्याच्या प्रौढांच्या साधारण निम्म्यावर होता, हे अपेक्षितच होते. मग त्यांनी मुलांमध्ये तेच मोजले. चेहऱ्याची लांबट ठेवण मुलांत आधीच स्पष्ट दिसत होती, तरी त्यांचा चावा सामान्य चेहऱ्याच्या मुलांइतकाच होता. दोन्ही गटांतील मुलांचे आकडे लांब चेहऱ्याच्या प्रौढांच्या आकड्यांच्या जवळपास होते. म्हणजे फरक पडला तो वयात येताना: बाकीच्यांचे स्नायू त्या काळात बळावले, लांब चेहऱ्याच्या मुलांचे तसे बळावले नाहीत. आकार आधी आला आणि जोरातला फरक नंतर.

यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. दात सरकतात ते क्षणभराच्या मोठ्या जोराने नव्हे, तर तासन्‌तास टिकणाऱ्या हलक्या दाबाने. तारा लावून दात हलवण्याचे सारे शास्त्र याच नियमावर उभे आहे. दिवसभरात दात एकमेकांवर टेकण्याचा एकूण काळ फार थोडा असतो. उरलेल्या वेळी जबडा किंचित लोंबत असतो, जीभ कुठेतरी विसावलेली असते आणि ओठ मिटलेले किंवा उघडे असतात. वाढीवर या विसाव्याच्या स्थितीचा प्रभाव कमाल चाव्यापेक्षा जास्त असावा, हा तर्क पटण्यासारखा आहे.

आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. कोपनहेगनचे आर्ने ब्यॉर्क यांनी १९५० च्या दशकापासून वाढत्या मुलांच्या जबड्यात धातूच्या बारीक खुणा बसवल्या आणि वर्षानुवर्षे एक्स-रे काढून त्या खुणांच्या आधाराने वाढ मोजली. त्यातून दिसले की वाढताना खालचा जबडा चेहऱ्यात गोल फिरतो: बहुतेकांत पुढे-वर, काहींत मागे-खाली. जबड्याचा गोळा, म्हणजे कानापुढच्या सांध्यात बसणारे त्याचे गोल टोक, कोणत्या दिशेने वाढतो, यावर हे फिरणे बरेच ठरते. मागे-खाली फिरणाऱ्या जबड्याचा चेहरा लांब होतो आणि त्याच्या स्नायूंना चांगली तरफ कधी मिळतच नाही. तेव्हा कारण आणि परिणाम यांची साखळी दोन्ही दिशांनी ओढली जाते, आणि ज्यांना एकच दिशा हवी असते त्यांनी पुराव्याचा अर्धा भाग बाजूला ठेवलेला असतो.

मऊ अन्नामुळे माणसाचे जबडे लहान होत गेले, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र त्यात दोन वेगळ्या कालमानांची सरमिसळ केली जाते. एक उत्क्रांतीचे, लाखो वर्षांचे. अन्न कापणे, ठेचणे आणि नंतर शिजवणे सुरू झाल्यावर मोठ्या दाढांची आणि अवजड स्नायूंची गरज कमी झाली. कॅथरीन झिंक आणि डॅनियल लीबरमन यांनी २०१६ मध्ये काढलेल्या हिशोबानुसार आहारात एकतृतीयांश मांस असेल आणि मांस कापून, कंदमुळे ठेचून खाल्ली तर चावण्याच्या खेपा १७ टक्क्यांनी आणि लागणारा जोर २६ टक्क्यांनी कमी होतो, आणि तेही विस्तवाशिवाय.

दुसरे कालमान एका आयुष्याचे. लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हायरॅक्स या लहान प्राण्यांच्या एका गटाला शिजवलेले मऊ आणि दुसऱ्याला कच्चे, कडक अन्न देऊन वाढवले. मऊ अन्नाच्या गटात चेहऱ्याच्या खालच्या आणि मागच्या भागाची वाढ सुमारे १० टक्के कमी झाली. जगभरच्या कवट्यांच्या तुलनेतही शेती करणाऱ्या समाजांचे जबडे शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्यांपेक्षा आखूड आणि रुंद आढळले आहेत. यातून दातांची दाटी आणि अक्कलदाढेला जागा न उरणे समजू शकते. लांब चेहरा हा मात्र वेगळा प्रश्न आहे. लहान जबडा आणि लांब चेहरा यांना एकच समजणे चूक आहे.

माणसाचा चावा इतर प्राण्यांच्या तुलनेत अगदीच दुबळा आहे का?

आकडा लहान आहे, रचना दुबळी नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा चावा २०१२ मध्ये सुमारे १६,४०० न्यूटन मोजला गेला, आणि तोही लांबलचक जबड्याने. त्यामागे जबड्याच्या मुळाशी असलेले प्रचंड स्नायू आहेत. माणसाचा चेहरा सपाट आणि आखूड असल्याने दाढा स्नायूंच्या जवळ आहेत, त्यामुळे थोड्या स्नायूंतून बऱ्यापैकी जोर निघतो.

कवटीवरून आहाराचा अंदाज बांधण्यातला धोकाही येथेच सांगायला हवा. मेरी लीकी यांना १९५९ मध्ये टांझानियातील ओल्डुवाई येथे सापडलेल्या, पुढे पॅरान्थ्रोपस बॉइसी या माणसाच्या नात्यातल्या नामशेष जातीची म्हणून ओळखल्या गेलेल्या कवटीच्या दाढा आणि गालाची हाडे इतकी अजस्र होती की हा प्राणी कठीण कवचाची फळे फोडत असणार असे गृहीत धरले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दातांतील कार्बनच्या विश्लेषणाने मात्र तो मुख्यतः गवत आणि लव्हाळ्यांसारख्या वनस्पतींवर जगत असल्याचे सूचित केले. एवढा जबडा एका फटक्यासाठी नव्हे, तर दिवसभराच्या दळणासाठी असावा.

मूल तोंडाने श्वास घेत असेल तर चेहरा लांब होतो का?

होऊ शकतो. नाकामागील ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्याने श्वास अडला की मूल तोंड उघडे ठेवते, जबडा खाली राहतो, जीभ टाळूवरून उतरते, आणि हीच विसाव्याची स्थिती वर्षानुवर्षे टिकते. एगिल हार्वोल्ड यांच्या रीसस माकडांवरील प्रयोगांत नाक बंद केल्यावर जबड्यांची ठेवण बदलली, परंतु प्रत्येक माकडात ती वेगळ्या तऱ्हेने बदलली. प्रत्येक लांब चेहऱ्यामागे बंद नाक नसते आणि तोंडाने श्वास घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा चेहरा लांबत नाही. मूल झोपेत घोरत असेल, तोंड सतत उघडे राहत असेल, तर चेहऱ्याची चिंता करत बसण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. झोप आणि श्वास हे स्वतंत्रपणेच महत्त्वाचे आहेत.

च्युइंगम चघळून किंवा जबड्याचा व्यायाम करून चेहरा बदलता येतो का?

स्नायूचा जोर वाढवता येतो, कारण तोही शरीरातल्या इतर स्नायूंसारखाच स्नायू आहे. मॅसेटर थोडा जाड झाल्यास जबड्याचा कोपरा किंचित भरलेला दिसेल. वाढ संपलेल्या प्रौढाच्या हाडाची ठेवण, म्हणजे जबड्याचा उतार, हनुवटीची जागा किंवा चेहऱ्याची उंची, यामुळे बदलते याला विश्वासार्ह पुरावा नाही. जीभ टाळूला चिकटवून ठेवण्याचा ‘म्यूइंग’ नावाचा प्रकारही प्रौढांच्या बाबतीत याच पंक्तीत बसतो. वाढत्या वयातल्या लांब चेहऱ्याच्या मुलांना चिवट पदार्थ चघळायला देऊन केलेल्या एका छोट्या प्रयोगात, १९८७ मध्ये, चाव्याचा जोर वाढल्याचे आणि जबडा पुढे फिरण्याकडे कल असल्याचे नोंदले गेले. पण एवढ्यावरून मुलांना तासन्‌तास काही चघळायला लावणे योग्य नाही. दातांमध्ये ठेवून चावण्याची रबरी साधने तर सांधा दुखावण्याचे कारण ठरू शकतात.

झोपेत दात खाण्याच्या सवयीने जबडा चौकोनी होतो का? बोटॉक्सचे काय?

मॅसेटर फुगून चेहऱ्याचा खालचा भाग रुंद दिसू शकतो, आणि स्नायू जिथे चिकटतो तिथे हाडही थोडे खडबडीत होते. बोटॉक्सने स्नायू काही महिने ढिला पडतो, आक्रसतो आणि चेहरा निमुळता दिसतो. औषध उतरले की स्नायू पुन्हा भरतो. प्राण्यांवरील प्रयोगांत स्नायूचा ताण गेल्यावर जबड्याच्या गोळ्यातील हाड विरळ झाल्याचे दिसले आहे. केवळ दिसण्यासाठी हे इंजेक्शन वारंवार घेणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्यावी.

तारा लावताना डॉक्टर चेहऱ्याची उंची का मोजतात?

कारण त्याच तारांचा दोन चेहऱ्यांवर वेगळा परिणाम होतो. लांब चेहऱ्यात स्नायूंचा दाब कमी असल्याने दाढा सहज वर उठतात. त्या एखादा मिलिमीटर उठल्या तरी जबडा मागे फिरतो आणि पुढच्या दातांमधली फट त्याहून जास्त उघडते. त्यामुळे अशा रुग्णात दाढा उठू नयेत याची काळजी घ्यावी लागते. आखूड चेहऱ्यात उलट अडचण असते. तिथे खोल चावा, म्हणजे वरच्या दातांनी खालचे दात झाकून टाकणारी ठेवण, उघडण्यासाठी दाढा उठवायच्या असतात, पण बळकट स्नायू त्यांना दाबून धरतात, उपचार लांबतो आणि दाताला चिकटवलेल्या पट्ट्या चाव्याने निखळतात. प्रौढातील टोकाच्या लांब चेहऱ्याला तारा पुरत नाहीत; जबड्याची शस्त्रक्रिया करून वरचा जबडा वर घ्यावा लागतो, म्हणजे खालचा आपोआप पुढे-वर फिरतो.

दात गेल्यावर चेहरा आखूड का होतो, आणि कवळीने जोर परत येतो का?

दातांना धरून ठेवणारे हाड दात गेल्यावर झिजत जाते. जबडा पूर्वीपेक्षा जास्त मिटतो, हनुवटी वर आणि पुढे येते, ओठ आत वळतात. हा आखूडपणा बळकट स्नायूंचा नव्हे, तर आधार गेल्याचा असतो, त्यामुळे त्याला जोरकस चाव्याची खूण समजू नये. संपूर्ण कवळीवर मिळणारा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण पाव भागाइतका किंवा त्याहून कमी असतो, कारण कवळी हिरडीवर टेकते आणि हिरडी दुखू लागताच माणूस थांबतो. हाडात बसवलेल्या इम्प्लांटवर कवळी अडकवली तर हा जोर बराच वाढतो.